रंगभवनची गल्ली आणि नियंत्रण कक्षाची नोंद

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे घडले त्यावर इतके लिहून-बोलून झाले आहे की त्यातले एखादे प्रकरण पुन्हा मांडायचे तर आधी त्याची हद्द आखून घ्यावी लागते. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस येथे २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेली कारवाई या टिपणाच्या कक्षेत येत नाही. कट कोठे शिजला आणि कोणी शिजवला याची चर्चाही येथे नाही. विषय एवढाच आहे की कामा रुग्णालयाच्या परिसरात रात्री साडेदहा ते साडेबारा या दोन तासांत पोलिसांची आज्ञासाखळी कशी चालली, आणि ती कशी चालली हे नंतर कोणाला, कोणत्या मार्गाने व किती कळू शकले. यातला दुसरा प्रश्न माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. संकटात चुका होतात हे कोणीही मान्य करील; त्या चुकांची नोंद कोणाच्या ताब्यात राहते, यावर पोलीस दलाचे उत्तरदायित्व ठरते.

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तो रात्री दहाच्या थोडा आधी. अजमल कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल या दोघांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षागृहात पन्नासहून अधिक माणसे मारली. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडले. उपनगरी स्थानकाच्या बाजूला उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडण्यास सांगत ठेवले म्हणून तिकडची हानी आटोक्यात राहिली. त्यांच्या हाती ना शस्त्र होते ना कोणाचा आदेश. समोर काय चालले आहे हे दिसत होते आणि लोकांशी बोलण्याचे साधन हाताशी होते, एवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. नियंत्रण कक्षाचे काम याहून मूलतः वेगळे नसते, म्हणून हा तपशील लक्षात ठेवावा.

स्थानकातून बाहेर पडून पादचारी पुलावरून हे दोघे रस्त्याच्या पलीकडे उतरले आणि कामा रुग्णालयात शिरले. कामा हे स्त्रियांचे आणि मुलांचे रुग्णालय आहे. प्रसूती कक्षातील परिचारिका अंजली कुलथे यांनी विसेक गर्भवती महिलांना एका लहानशा खोलीत हलवले, दिवे मालवले, आणि बाहेर गोळीबार चालू असताना त्यांना तिथेच गप्प बसवून ठेवले. वरच्या मजल्यांवर अपर पोलीस आयुक्त सदानंद दाते काही सहकाऱ्यांसह पोचले. ते मध्य प्रादेशिक विभागाचे प्रमुख होते, म्हणजे कामा रुग्णालय त्यांच्या हद्दीत नव्हते. सहाव्या मजल्यावर गच्चीच्या दाराशी चकमक झाली, वरून हातबॉम्ब आले, उपनिरीक्षक प्रकाश मोरे मारले गेले, दाते स्वतः जबर जखमी झाले. तरीही बराच वेळ त्यांनी त्या दोघांना वरच अडकवून ठेवले आणि त्या अवस्थेतही बिनतारीवरून कुमक मागत राहिले.

याच सुमारास कामाच्या मागच्या बाजूला, विशेष शाखेच्या कार्यालयाजवळ, तीन अधिकारी एकत्र आले. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, पूर्व प्रादेशिक विभागाचे अपर पोलीस आयुक्त अशोक कामटे आणि खंडणीविरोधी पथकाचे वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर. कामटे यांचा विभाग चेंबूरकडचा. तेही आपल्या हद्दीबाहेर होते. आपल्याकडे पोलीस ठाण्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. त्या रात्री मात्र सर्वात पुढे जाऊन उभे राहिलेले वरिष्ठ अधिकारी हद्द सोडून आलेले होते. त्यांच्या शौर्याबद्दल यातून जे समजायचे ते समजतेच; पण आज्ञासाखळीच्या अभ्यासकाला यात दुसरेही काही दिसते. वेगवेगळ्या शाखांचे, वेगवेगळ्या विभागांचे, एकमेकांच्या अधीन नसलेले तीन अधिकारी एका ठिकाणी जमतात तेव्हा त्या ठिकाणी हुकूम कोणाचा, हे कोणीतरी वरून ठरवून द्यावे लागते. तसे ते ठरवून दिले गेले होते याचा पुरावा पुढे आलेला नाही.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. जखमी दाते यांच्या मदतीसाठी पुढच्या बाजूला जायचे म्हणून तिघे एका क्वालिस गाडीत बसले. साळसकरांनी स्टिअरिंग हाती घेतले, कामटे त्यांच्या शेजारी, करकरे मधल्या आसनावर, मागे चार शिपाई. सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि रंगभवन हे खुले नाट्यगृह यांच्यामधल्या गल्लीत झुडपांच्या आडून गाडीवर गोळीबार झाला. कामटे यांच्या गोळीने कसाबचा हात जखमी झाला, पण काही क्षणांत तिन्ही अधिकारी आणि तीन शिपाई संपले. अधिकाऱ्यांचे देह रस्त्यावर ओढून टाकून दोघांनी गाडी ताब्यात घेतली. मागे सहकाऱ्यांच्या देहांखाली शिपाई अरुण जाधव जखमी अवस्थेत, श्वास रोखून पडून होते. ती गाडी तशीच मेट्रो सिनेमाकडे गेली, वाटेत तिच्यातून लोकांवर गोळीबार झाला, टायर निकामी झाल्यावर दोघांनी ती सोडून चंदेरी रंगाची स्कोडा बळकावली, आणि जाधव यांनी बिनतारी यंत्रावरून झाला प्रकार नियंत्रण कक्षाला कळवला.

गिरगाव चौपाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांची नाकाबंदी होती. स्कोडाचे वर्णन त्यांच्यापर्यंत पोचलेले होते. गाडी अडथळ्यासमोर थांबली, वळायचा प्रयत्न करताना दुभाजकावर अडकली, अबू इस्माईल गोळीबारात ठार झाला आणि सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. ओंबळे यांच्या हाती तेव्हा काठीच होती. ते सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. अंगावर गोळ्या घेऊन त्यांनी ती पकड सोडली नाही, म्हणून हल्ल्यातील दहापैकी एक जण जिवंत सापडला.

एकच नियंत्रण कक्ष, दोन परिणाम

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की प्रकरणाचा गाभा हाती लागतो. गिरगावात संदेश आला, तो योग्य माणसांपर्यंत गेला आणि त्या संदेशानुसार कृती झाली. कामाच्या परिसरात संदेश आले, पण त्यांचे कृतीत रूपांतर झाले किंवा नाही, झाले तर कोणाकडून आणि किती वाजता, यावर आजही वाद आहे. शहर तेच, रात्र तीच, बिनतारी यंत्रणाही तीच, आणि संदेश स्वीकारणारा कक्षही तोच.

माझ्या मते फरकाचे एक कारण संदेशाच्या स्वरूपात आहे. ‘अमुक रंगाची, अमुक कंपनीची गाडी, आत दोन हल्लेखोर, अडवा’ हा संदेश ऐकणाऱ्या प्रत्येक नाकाबंदीला स्वतःपुरता पुरेसा असतो; वरून आणखी काही ठरवण्याची गरज उरत नाही. ‘कामाला पुढून वेढा घाला, माणसे पाठवा’ या संदेशाचे तसे नसते. त्याला उत्तर देण्यासाठी कोणीतरी बसून हिशेब करावा लागतो की कोणते पथक मोकळे आहे, कोणत्या ठिकाणाहून किती माणसे काढली तर तिथे भगदाड पडणार नाही, त्यांचे नेतृत्व कोण करील, आणि आत असलेल्या आपल्याच लोकांशी त्यांची गाठ कशी घालून द्यायची. पहिल्या प्रकारचा संदेश शिस्तबद्ध दल स्वतःच पचवते, दुसऱ्याला सेनापती लागतो.

मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात त्या रात्री नियंत्रण कक्षाची सूत्रे गुन्हे शाखेचे सह आयुक्त राकेश मारिया यांच्याकडे देण्यात आली होती. पोलीस आयुक्त हसन गफूर ट्रायडंट हॉटेलच्या परिसरात थांबून होते आणि तिथून बिनतारीवरून संपर्कात असल्याचे त्यांचे म्हणणे होते. शहरात एकाच वेळी पाचेक ठिकाणी गोळीबार, विलेपार्ले आणि वाडीबंदर येथे टॅक्सींमध्ये स्फोट, शंभर क्रमांकावर अखंड दूरध्वनी, त्यात खऱ्याइतक्याच खोट्या खबरी, आणि वाहिन्यांवर चालू असलेले थेट प्रक्षेपण, अशा स्थितीत आयुक्तांनी नेमके कोठे असावे याचे एकच बरोबर उत्तर नसते हे कबूल केले पाहिजे. घटनास्थळी गेले तर बाकीच्या शहराचे चित्र दिसत नाही, कक्षात बसले तर दलाला ‘साहेब कुठे आहेत’ असा प्रश्न पडतो. परंतु म्हणूनच आधी ठरवलेली कार्यपद्धती असते. कोणी कोठे बसायचे, कोणी कोणाला कळवायचे, हे गोळीबार सुरू झाल्यावर ठरवायचे नसते.

समिती: तिला काय विचारले होते

हल्ल्यानंतर राजीनामे लवकर आले. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. लोकक्षोभ शमवण्याची संसदीय लोकशाहीतली ही जुनी रीत आहे आणि तिला तिचे मोल आहे. मात्र मंत्र्याच्या राजीनाम्याने कामाच्या मागच्या गल्लीतला एकही मिनिट उलगडत नाही. आर. आर. (आबा) पाटील तर वर्षभरातच, २००९ च्या निवडणुकीनंतर, पुन्हा त्याच खात्याचे मंत्री झाले.

३० डिसेंबर २००८ च्या शासन निर्णयाने राज्य सरकारने दोन सदस्यांची उच्चस्तरीय चौकशी समिती नेमली. अध्यक्ष माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान, सदस्य व्ही. बालचंद्रन, जे महाराष्ट्र केडरचे निवृत्त आयपीएस अधिकारी आणि केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयातील माजी विशेष सचिव होते. माणसे निवडण्यात खोट काढता येणार नाही. खोट होती ती नेमणुकीच्या स्वरूपात. ही समिती चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खालचा आयोग नव्हती. त्या अधिनियमाखालील आयोगाला साक्षीदारास समन्स काढण्याचे, शपथेवर साक्ष घेण्याचे, कागदपत्रे हजर करण्यास भाग पाडण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, सुनावणी सर्वसाधारणपणे उघड होते, बाधित व्यक्तीला उलटतपासणीची संधी मिळते. शासन निर्णयाने नेमलेली समिती विचारते, समोरचा सांगेल ते ऐकते, दाखवील ते पाहते. केंद्रीय गुप्तचर यंत्रणा आणि राष्ट्रीय सुरक्षा दल तिच्या कक्षेबाहेर होते. म्हणजे इशारे दिल्लीहून कसे आले, आणि या दलाच्या कमांडोंना हरियाणातील मानेसरच्या तळावरून निघून प्रत्यक्ष कारवाई सुरू करायला सकाळ का उजाडली, हे दोन्ही प्रश्न तिला पुरते विचारता येणार नव्हते.

या मर्यादेत समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला, आणि तो गुळमुळीत नाही. पोलिसांच्या वैयक्तिक धैर्याची तिने मोकळेपणाने दखल घेतली. त्याच वेळी आयुक्तांकडून दलाला जाणवेल असे दृश्य नेतृत्व आणि नियंत्रण दिसले नाही, ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन झाले नाही, आलेल्या गुप्तवार्तांची राज्य पातळीवर नीट छाननी होत नव्हती, आणि शीघ्र कृती दलाला सरावासाठी पुरेसा दारूगोळाही मिळत नव्हता, असे तिने नोंदवले. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो पण तो नाही. स्वयंचलित बंदूक हाती असलेला आणि बराच काळ ती न चालवलेला जवान हा कागदावर सशस्त्र असतो. खरेदीची फाइल मंत्रालयात कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली, याची जबाबदारी गोळीबाराच्या रात्री बिनतारीवर असलेल्या अधिकाऱ्यावर टाकता येत नाही. आणि आपल्याकडे चौकशीचा झोत नेहमी त्या रात्रीवर पडतो, त्या टेबलावर क्वचितच.

अहवालाचे पुढे काय झाले हेही प्रकरणाचाच भाग आहे. जून २००९ मध्ये सरकारने विधिमंडळात केवळ कृती अहवाल, म्हणजे शिफारशींवर काय केले हे सांगणारा कागद, ठेवला. मूळ अहवाल सुरक्षेच्या कारणास्तव गोपनीय ठेवण्यात आला. त्याच महिन्यात गफूर यांची बदली होऊन डी. शिवानंदन आयुक्त झाले. मूळ अहवालातील मजकूर वर्तमानपत्रांतून फुटू लागल्यावर, डिसेंबरमधल्या नागपूर अधिवेशनात, तो अखेर सभागृहाच्या पटलावर आला. म्हणजे जो दस्तऐवज लोकप्रतिनिधींपासून सहा महिने जपून ठेवला, तो उघड करण्याचे कारण त्याची फूट हेच ठरले. राज्य सुरक्षेचा युक्तिवाद एकदा असा गळून पडला की पुढच्या वेळी, जेव्हा तो खरा असेल, तेव्हाही त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

विधवांनी केलेली चौकशी

समितीच्या अहवालात अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता यांना हवे ते उत्तर नव्हते. अशोक कामटे यांना पूर्व विभागातून दक्षिण मुंबईत कोणी बोलावले, कामाकडे कोणी पाठवले, आणि गल्लीत ते पडल्यावर मदत पोचायला वेळ का लागला, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. अशोक कामटे यांचे आजोबा एन. एम. कामटे हे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक. तीन पिढ्यांचे पोलिसी घर, आणि तरीही ही माहिती विनिता यांना घरच्या वाटेने मिळाली नाही. त्यांनी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली नियंत्रण कक्षातील बिनतारी संदेशांच्या आणि दूरध्वनींच्या नोंदी मागितल्या.

हा मार्ग किती अरुंद आहे ते पाहण्यासारखे आहे. अधिनियमाच्या कलम ८ मध्ये माहिती नाकारण्याची कारणे दिली आहेत. त्यात तपासाला, अटकेला किंवा खटल्याला बाधा येईल अशी माहिती हे एक कारण आहे. कसाबचा खटला तेव्हा चालू होता, त्यामुळे नकाराला आधार सहज सापडतो. परंतु बाधा ‘कशी’ येईल हे दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते, केवळ खटला चालू आहे एवढे पुरत नाही, आणि त्याच कलमात असेही म्हटले आहे की सार्वजनिक हित मोठे असेल तर सूट लागू असलेली माहितीही देता येते. अर्ज, नकार, अपील असा तो प्रवास असतो आणि प्रत्येक टप्प्यावर दिवस मोजावे लागतात. विनिता कामटे यांनी तो प्रवास केला, नोंदी मिळवल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये पत्रकार विनिता देशमुख यांच्यासह लिहिलेल्या ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात त्या मांडल्या.

त्या नोंदींवरून त्यांनी काढलेले मुख्य निष्कर्ष दोन. करकरे यांनी कामाच्या मागच्या बाजूने बिनतारीवरून रुग्णालयाला पुढून वेढा घालण्यासाठी कुमक मागितली होती, आणि ती मागणी प्रत्यक्षात उतरली नाही. दुसरे, गल्लीत अधिकारी पडल्यानंतर सुमारे चाळीस मिनिटे त्यांच्यापर्यंत कोणी पोचले नाही, जरी तिथून पोलीस आयुक्तालय पायी काही मिनिटांवर आणि आझाद मैदान पोलीस ठाणे त्याहून जवळ होते. नियंत्रण कक्षाच्या कामकाजावर त्यांनी थेट बोट ठेवले. मारिया यांनी हे आरोप ठामपणे नाकारले. दोन्ही बाजूंपैकी कोण बरोबर, याचा निवाडा या टिपणात करता येणार नाही. लक्षात घेण्याजोगे हे की एका बाजूला हुतात्मा अधिकाऱ्याची पत्नी, दुसऱ्या बाजूला पदावर असलेला ज्येष्ठ अधिकारी, आणि दोघांचे म्हणणे ऐकून, मूळ नोंद समोर ठेवून, निर्णय देणारे अधिकृत व्यासपीठ मध्ये कोठेच नाही. वाद पुस्तकांतून आणि वाहिन्यांवरून झाला. त्यात त्या अधिकाऱ्यांवरही अन्याय होतो, हे सहसा बोलले जात नाही: निर्दोष ठरण्याची संधीही उघड चौकशीतूनच मिळते.

करकरे यांच्या चिलखती जाकिटाची गोष्ट याहून लहान, पण अधिक बोलकी आहे. त्या रात्री शिरस्त्राण आणि जाकीट चढवतानाचे करकरे देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले होते. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी त्या जाकिटाची विचारणा सुरू केली तेव्हा ते सापडत नसल्याचे समोर आले. जाकिटांच्या खरेदीची नस्तीही एका टप्प्यावर जागेवर नव्हती. नंतर जे. जे. रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने आपण ते कचऱ्यात टाकल्याचे सांगितले. खुनाच्या साध्या गुन्ह्यातही मृताच्या अंगावरचे कपडे पंचनामा करून, सीलबंद करून, मुद्देमाल म्हणून जमा होतात. हे ठाण्यातला नवखा शिपाईही जाणतो. शंभरावर माणसे दगावली आणि रुग्णालयांत प्रेतांची रीघ लागली तेव्हा हा क्रम कोलमडला असेल, हे समजू शकते. परंतु त्यामुळे जाकीट निकृष्ट होते की गोळ्या जाकिटाबाहेरच्या भागात लागल्या, हा प्रश्न वस्तू समोर ठेवून सोडवण्याची शक्यता कायमची संपली, आणि संशयाला जागा उरली. त्या जागेत पुढे कोणी काय काय भरले ते सर्वांनी वाचले आहे.

न्यायालयात मात्र

खटल्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात न्या. एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोर चाललेल्या या खटल्यात सुमारे अकरा हजार पानांचे आरोपपत्र होते. अरुण जाधव यांची साक्ष तिथे झाली, त्यांची उलटतपासणी झाली, आणि गल्लीत काय झाले याची शपथेवरची, तावून-सुलाखून निघालेली नोंद तयार झाली. न्यायालयासमोरचा प्रश्न मात्र कसाबच्या दोषाचा होता. कुमक का आली नाही हा प्रश्न तिथे अप्रस्तुत होता आणि तो तसाच राहिला.

तरीही पोलिसांच्या कामाची खरी परीक्षा कोठे झाली असेल तर याच खटल्यात, आणि तीही कसाबच्या बाबतीत नव्हे. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींनी हल्ल्याच्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे पुरवले आणि ते अबू इस्माईलच्या खिशात सापडले, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायालयाने तो कागद पाहिला. ज्याच्या अंगावरचे कपडे रक्ताने भिजले होते त्याच्या खिशातून निघालेल्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. दोघेही निर्दोष सुटले, आणि उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय या दोघांनीही ती सुटका कायम ठेवली. देशभर संतापाची लाट असताना, मे २०१० मध्ये, त्याच निकालपत्रात एकाला फाशीपर्यंत नेणारा दोष आणि दोघांची सुटका असे दोन्ही लिहिले गेले. तो पुरावा तसा कसा आला, याचा जाब खात्यात कोणाला विचारला गेला, हे सर्वसामान्य नागरिकाच्या वाचनात आलेले नाही.

त्यानंतर काय बदलले

साधनसामग्रीच्या बाजूने बरेच बदलले. राज्याचे फोर्स वन हे कमांडो दल उभे राहिले, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र जून २००९ अखेरीस मुंबईत आले, म्हणजे विमानाची वाट पाहण्याचा प्रश्न मिटला. सागरी पोलीस ठाण्यांना नौका मिळाल्या. शहरभर कॅमेरे बसवण्याची शिफारस निविदांच्या फेऱ्यांत अडकली आणि ते काम पूर्ण व्हायला २०१६ उजाडले. आता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर आलेल्या कॉलला स्वतंत्र नोंद क्रमांक पडतो, जवळची गाडी पडद्यावर दिसते, ती निघाल्याची आणि पोचल्याची वेळ आपोआप उमटते. २००८ मध्ये हाताने लिहिल्या जाणाऱ्या नोंदीत ‘संदेश मिळाला’ आणि ‘कारवाई झाली’ यांच्यामधली जी पोकळी होती, ती निदान नागरिकांच्या कॉलपुरती भरून निघाली.

उत्तरदायित्वाच्या बाजूने पाहिले तर चित्र पातळ आहे. पोलीस सुधारणांबाबतच्या २००६ च्या प्रकाश सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात सुधारणा करून राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक अशा तक्रारींसाठी ती आहेत. पोलिसांनी नागरिकाशी केलेल्या गैरवर्तनाचा विचार त्यात आहे. मोठ्या हल्ल्यात आज्ञासाखळी कोठे तुटली हे शोधणे त्यांचे काम नाही.

लंडनमध्ये २००५ च्या बॉम्बस्फोटांत ५२ जण गेले, तेव्हा हॅलेट या न्यायाधीश बाईंनी मृत्यूंची उघड न्यायिक चौकशी चालवून २०११ मध्ये निष्कर्ष दिले. प्रत्येक मृत्यूच्या संदर्भात रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस किती वाजता निघाले व पोचले हे साक्षींतून उलगडले. मँचेस्टरच्या २०१७ च्या स्फोटानंतरच्या सार्वजनिक चौकशीने तर अग्निशमन दल दोन तासांहून अधिक काळ घटनास्थळी पोचलेच नाही हे नियंत्रण कक्षांच्या संभाषणांसह जाहीरपणे मांडले. तिथेही उत्तरे मिळायला वर्षे लागली, आणि मृतांच्या नातेवाइकांना झगडावेच लागले. पण ते झगडले ते चौकशीच्या आत, वकिलांसह, अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारत. आपल्याकडे मृत्यूच्या कारणाची न्यायदंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी कोठडीतील मृत्यूसाठी सक्तीची आहे. कर्तव्यावर असताना, वरिष्ठांच्या नियंत्रणाखालील कारवाईत, मारल्या गेलेल्या पोलिसासाठी तशी कोणतीही सक्ती नाही. करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे यांना २६ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे घटनेनंतर बरोबर दोन महिन्यांनी, अशोकचक्र प्रदान झाले. मूळ अहवाल पटलावर यायला त्यानंतर जवळजवळ अकरा महिने गेले.

उद्या अशाच कारवाईत गेलेल्या एखाद्या शिपायाच्या घरच्यांना त्या रात्रीच्या बिनतारी नोंदी हव्या असतील, तर त्यांच्यापुढचा मार्ग २००९ मध्ये होता तोच आहे. साध्या कागदावर जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांच्या आत.